तिसरी हाळी

माझा भाऊ मेला त्यावर एक पुस्तक निघालं, आणि त्या पुस्तकात तो मरत नाही. पातळसं पुस्तक आहे, मुलांसाठी लिहिलेलं. वरच्या चित्रात कड्याच्या टोकावर एक मुलगा उभा आहे, कमरेला कोयता, पायात बूट. आमच्या गावात त्या काळी बूट फक्त जंगलखात्याच्या साहेबाच्या पायात दिसायचे, आणि तो साहेबही वर्षातून एकदा यायचा. पुस्तक लिहिलं आमच्याच शाळेच्या मास्तरांनी. त्यांनी दोन दिवस माझ्यासमोर बसून सगळी हकीकत विचारून घेतली, वहीत उतरवली आणि मग त्यातलं त्यांना जेवढं सोसवलं तेवढंच छापलं.

पुढे मी शिक्षिका झाले. मुलांसाठी लिहिलेल्या धाडसाच्या गोष्टी पुष्कळ वाचल्या, वर्गात वाचूनही दाखवल्या. रानात हरवलेला मुलगा सगळ्या गोष्टींत सारखाच. त्याला भूक लागते तेव्हा समोर फळ असतं, तहान लागते तेव्हा झरा असतो, आणि वाघ येतो तोसुद्धा मुलगा झोपून उठल्यावर, चांगला तयारीत असताना. त्याचं पोट कधी बिघडत नाही. इतकी पुस्तकं वाचली, पण हगवण लागलेला नायक मला एकातही भेटला नाही. माझ्या भावाला लागली होती. हे मुलांच्या कानावर पडू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल पान उलटावं. कुणाची भीड धरायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

आमचं गाव वेल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याला लागून. भाऊ पाळण्यात असतानाच वडील गेले होते. घरात आई, मी आणि तो. मी अकरा वर्षांची, तो आठाचा. आईचा जीव कुणात आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. दुधावरची साय कुणाच्या भाकरीवर पडते ते रोज दिसत होतं. त्याचा मला राग नव्हता. खरं सांगायचं तर थोडा होता. पण पोरगा इतका लाघवी होता की राग धरून बसणं मलाच जमायचं नाही. दिवसभर आक्का आक्का करत तो माझ्या परकराला धरून असायचा.

वैशाखात गावातल्या बाया रानात बाळहिरडा वेचायला जात. झाडाखाली गळलेला कोवळा हिरडा गोळा करायचा, कातळावर वाळवायचा आणि विंझरच्या दुकानात नेऊन घालायचा. पोरंही बरोबर असत. रानात वागायच्या आमच्याकडे काही रीती होत्या, आणि त्यातली सगळ्यात कडक रीत हाळीची. हाळी म्हणजे लांबून मारलेली हाक. रानात कुणाला नाव घेऊन बोलवायचं नाही, नुसती हाळी द्यायची, आणि ती तीनदा. ज्याला ती ऐकू येईल त्यानं पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही द्यायची नाही. तिसरी कानावर आली की मगच द्यायची. कारण रानात चकवा असतो. तो ओळखीच्या माणसाचा आवाज काढतो, एकदा हाक मारतो, फार तर दोनदा. तिसरी हाक मारणं त्याला जमत नाही. त्याच्या हाकेला ओ दिली की माणूस त्याच्या ताब्यात गेला. मग तो त्याला दिवसभर गोल गोल फिरवतो आणि शेवटी कड्यावर नेऊन सोडतो.

आता हे वाचून कुणी हसेल. आम्हाला ते चुलीतल्या विस्तवाइतकं खरं होतं. घरीसुद्धा आई परसातून एकदा हाक मारायची आणि मी चटकन ओ दिली की पाठीत धपाटा बसायचा, सवय लागावी म्हणून. त्या सवयीत मी चांगली पटाईत झाले. आई चार बायांत सांगायची की माझी पोरगी तीन झाल्याबिगर तोंड उघडत न्हाई. आईनं माझं कौतुक केल्याचे प्रसंग मोजके आहेत, त्यातला हा एक.

त्या दिवशी सकाळीच भावानं तोरणांचा हट्ट धरला. तोरणं म्हणजे काटेरी झुडपावर येणारी बारीक पांढरी फळं, वैशाखात गोड होतात. आई म्हणाली, जा, पण त्याचा हात सोडू नको. मी हात सोडला नाही. एका झुडपावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असं करत आम्ही खाली उतरत गेलो, आणि मी मान वर केली तेव्हा बायांचा आवाज बंद झालेला होता. तरी मी घाबरले नाही. आलो तसं वर चढायचं, एवढंच तर होतं. चढलो, पण वर आमचा कातळ नव्हता, भलतंच रान होतं. पुन्हा उतरलो, पुन्हा दुसरीकडून चढलो. असं दोनतीनदा झाल्यावर एका उतरणीवर मी उभी राहिले आणि आता कुठं वळावं ते मला कळेना.

तेवढ्यात हाळी आली. डाव्या हाताकडून, झाडीतून, बाईचा आवाज, आईसारखा.

भावाचा चेहरा उजळला. ओ द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि मी त्याच्या तोंडावर हात दाबला. एक, मी मनात म्हटलं. बराच वेळ काहीच आलं नाही. मग दुसरी हाळी आली, आणि ती आली उजव्या हाताकडून, जिथं नुसता उभा कडा होता, माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. आवाज तोच. दोन, मी म्हटलं. आई इतक्यात इकडून तिकडे कशी जाईल, आणि कड्यावर उभी तरी कशी राहील? भाऊ माझ्या हाताखाली ओरडायची धडपड करत होता. मी त्याच्या थोबाडीत दिली. मग त्याचं मनगट धरलं आणि त्या आवाजाकडे पाठ करून धावत सुटले. तिसरी हाळी आम्ही ऐकली नाही. तोवर आम्ही डोंगराची एक धार ओलांडून पलीकडे उतरलो होतो.

थोबाडीत दिलेली मी मास्तरांना सांगितली नव्हती. आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

त्यानंतर तीन रात्री आम्ही रानात काढल्या. त्या रात्रींबद्दल सांगण्यासारखं फार नाही. अंधार होता, आम्ही एकमेकांना चिकटून बसलो आणि एकही जनावर आमच्या वाटेला गेलं नाही. खरा वैरी होतं दिवसाचं ऊन. वैशाखात घाटमाथ्यावरचे ओढे ठणठणीत कोरडे असतात. ओढ्यातला दगड उलटला की खाली थोडी ओल लागायची, ती आम्ही चाटायचो. करवंदं मात्र जिकडेतिकडे लगडलेली. पहिल्या दिवशी आम्ही ती पोटभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चिकानं ओठ चिकटायला लागले, जीभ जाड झाली आणि तहान दुप्पट झाली. मग काळ्याभोर करवंदांनी भरलेली जाळी समोर असली तरी तिच्याकडे बघवत नसे.

कड्याच्या धारेवर आलो की खाली कोकण दिसायचं. घरांचे ठिपके, चुलींचा धूर, आणि नदीचं चकाकणारं पाणी. उतरायला वाट नव्हती, सरळ तुटलेला कडा होता. भाऊ तिथून हलायला तयार होईना. ते पाणी बघत तो अगदी कडेशी जाऊन बसायचा आणि मी त्याला काखेत धरून मागे ओढायची. दुसऱ्या दिवशी असंच ओढून आणल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, ती आयच व्हती."

मी त्याला गप्प बस म्हटलं. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. आठ वर्षांच्या पोराला जे कळलं होतं ते मला कळत नव्हतं असं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. कारण ते खरं असेल तर मी त्याला आईपासून पळवून आणलं होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी सापडलं. जुन्या घाटवाटेवर खडकात खोदलेलं एक टाकं, त्याच्या तळाशी हिरवं पाणी, त्यात एक मेलेलं पाखरू. मी परकराचा घोळ पाण्यात धरून गाळायला लागले आणि भावाला म्हटलं, थांब जरा. तो थांबला नाही. पालथा पडला आणि गुरासारखा प्याला. मग मीही गाळायचं सोडून तशीच प्याले. मला काहीही झालं नाही. त्याला संध्याकाळपासून उलट्या आणि हगवण लागली. टाकं एक, पाणी एक, आणि पिणारी एका आईची दोन पोरं. हा न्याय कुणाचा ते मला अजून कळलेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्याला उभं राहता येईना. मी त्याला पाठुंगळी घेतलं आणि चालू लागले. मधूनमधून तो माझ्या पाठीवरच घाण करत होता आणि दर वेळी त्याची त्याला लाज वाटून तो रडायचा. रडायचा म्हणजे नुसता आवाज यायचा, डोळ्यांत पाणी नव्हतं. चढ संपत गेले तसा तो मला हलका लागायला लागला, आणि मला वाटलं की माझ्यात बळ येतंय.

दुपारी मी त्याला एका जांभळीच्या सावलीत निजवलं आणि माणूस शोधायला एकटी निघाले. थोडीशी गेले असेन, तर हाळी ऐकू आली. पुरुषाचा आवाज. चार दिवसांतला पहिला. कुठल्याही शहाण्या मुलीनं ओरडत धावत जायला हवं होतं. मी झुडपात शिरले आणि एक म्हटलं. दुसरी हाळी आली, मी दोन म्हटलं. तिसरी आलीच नाही. घाटमाथ्यावरचा एक धनगर आपली चुकार म्हैस शोधत होता, आणि म्हशीला काही कुणी तीन हाळ्यांचा नियम शिकवलेला नव्हता. तो सरळ पुढे निघून गेला. त्याच्या कुत्र्यानं मला हुंगून काढलं आणि भुंकायला लागलं, म्हणून तो परत फिरला. तेवढ्यात किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. त्या वेळानं काही बिघडलं का, तेही सांगता येणार नाही, पण विचार मात्र येतो.

धनगरानं भावाला खांद्यावर टाकून आपल्या खोपीत नेलं. त्याच्या बायकोनं वाटीतून ताक दिलं. भावानं दोन घोट घेतले आणि मला म्हणाला, गार हाय. उन्हं उतरायच्या आत तो गेला.

घोंगडीत गुंडाळून त्याला गावात आणलं तेव्हा आई दारात उभी होती. तिनं हात पुढे करून घोंगडी घेतली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही असं म्हणून मी तिच्यावर अन्याय करणार नाही. तिनं पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुला काय झालं न्हाई?" ती काळजी होती की आणखी काही, हे मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला विचारत राहिले. तिला विचारायचा धीर झाला नाही.

त्याचे दिवस झाल्यावर चुलतीनं मला परसात बोलावून सांगितलं ते मला आधीच ठाऊक होतं. ती हाळी आईचीच होती. आई हिरड्याच्या बुंध्याशी उभी राहिली होती आणि तिनं अगदी रीतीप्रमाणे तीन हाळ्या दिल्या होत्या. रीतीप्रमाणे म्हणजे दोन हाळ्यांमध्ये थांबून, देवीचं नाव मनात अकरा वेळा घेऊन होईल इतकं, कारण चकव्याला घाई असते आणि माणसानं घाई करायची नसते. दुसऱ्या बाया मध्येच हाका मारायला लागल्या तेव्हा आईनं त्यांना दटावून गप्प केलं. ती म्हणाली की असा कालवा केला तर माझ्या पोरीला मोजायला यायचं न्हाई, ती पक्की तीन मोजती. त्या वेळी कालवा झाला असता, वीस बाया एकदम ओरडल्या असत्या, तर चकवा वीस आवाज काढत नाही एवढं मला नक्की कळलं असतं.

काही वर्षांनी मी चुलतीला घेऊन पुन्हा त्या उतरणीवर गेले. ती वर झाडाशी उभी राहिली, मी खाली. तिनं हाळी दिली. एकदा हाळी झाडीतून माझ्याकडे आली, आणि वारा फिरला तेव्हा समोरच्या कड्यावर आपटून उजव्या हाताकडून आली. शाळेत याला प्रतिध्वनी म्हणतात आणि तो पाचदहा मिनिटांत शिकवून होतो. मी तिथं एका दगडावर बसून खूप रडले, आणि चुलती बिचारी वरून विचारत राहिली की अजून देऊ का.

आईनं मला कधी बोल लावला नाही. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, उपाशी ठेवलं नाही. साय आता माझ्या भाकरीवर पडायला लागली, आणि ती मला गिळवत नसे. आमच्या घरात त्या चार दिवसांबद्दल एक अक्षरही निघालं नाही. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिनं एकदा म्हणावं की पोरी, तुझा दोष नाही. मी शिकवलं तसंच तू वागलीस. एवढं ऐकण्यासाठी मी तिची सगळी कामं न सांगता करायची, पहाटे उठून दळायची, आणि दळता दळता मनात ठरवायची की आज ती म्हणेल.

तिच्याऐवजी बोलायला आले ते मास्तर. ते भोरचे, शहरात शिकलेले, मुलांच्या मासिकात गोष्टी लिहायचे. माणूस चांगला होता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्यांना दुष्ट ठरवील. त्यांनी आईची परवानगी घेतली, आमच्या ओसरीवर बसले आणि मला सगळं सावकाश विचारलं. मला तर कुणीतरी विचारायलाच हवं होतं. मी टाक्यातलं पाखरू सांगितलं, धनगर सांगितला, हाळ्या सांगितल्या. हाळ्यांचं ऐकताना त्यांचा टाक थांबला आणि त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, आता हे छापून येईल, कुणीतरी आईला वाचून दाखवील, आणि मला जे सांगता येत नाही ते तिला कळेल.

छापून आलं ते मास्तरांनी आधी वर्गात वाचून दाखवलं. त्यात तेरा वर्षांचा एक मुलगा होता. एकटा. तो गारगोटीनं विस्तव पेटवतो, खेकडे भाजून खातो, वेलींचा दोर वळून कडा उतरतो आणि एका लांडग्याला कोयत्यानं लोळवतो. वर्गातली पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. मी प्रत्येक पानाला वाट बघत होते की आता त्याची बहीण येईल. ती आलीच नाही. शेवटी रानात आईची हाक येते. तिथं मास्तरांनी लिहिलं होतं की गावच्या भोळसट लोकांनी त्याला नाना भ्रम शिकवले होते, पण आपला शूर बाळ त्यांना भुलला नाही, पहिल्याच हाकेला त्याने खणखणीत ओ दिली. मायलेकरं भेटतात आणि दिवेलागणीला घरी पोचतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण मास्तर माझ्याकडे बघत होते.

शाळा सुटल्यावर मी त्यांना विचारलं की मी कुठं गेले. ते ओशाळले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. मुलांच्या पुस्तकात मूल मरून चालत नाही. आणि गोष्टीत बहीण आणली की ती रडणार, दमणार, मग तिला सांभाळण्यातच नायकाचा सगळा वेळ जाणार. हे ऐकताना माझ्या पाठीवरचे वण अजून बुजायचे होते. भावाच्या नखांचे होते ते, तो घसरू नये म्हणून माझ्या पाठीत रुतवायचा. मी मास्तरांना ते दाखवले नाहीत. त्यांचे उपकारही होते; त्यांनीच आईच्या मागे लागून मला शाळेत ठेवलं, सातवीच्या परीक्षेला बसवलं, आणि त्यांच्यामुळेच पुढे मी भोरला मुलींच्या शाळेत नोकरीला लागले. ज्या माणसानं मला पुस्तकातून पुसून टाकलं त्यानंच मला पुस्तकं वाचण्याजोगं केलं.

पुस्तकाची एक प्रत ते आईला देऊन गेले. आईला अक्षरओळख नव्हती. तिनं ते देव्हाऱ्याशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, वाच. मी वाचलं. तिला सगळं खोटं आहे हे कळत होतं. लांडग्याच्या ठिकाणी ती मला थांबवून विचारायची, कोयता कुठनं आणला त्येनं, घरचा तर हितंच हाय. खेकड्यांच्या ठिकाणी म्हणायची, त्याला खेकडं आवडत न्हवतं. पण शेवटचं पान आलं की ती एक शब्द बोलायची नाही. ते पान ती दोनदा, कधी तीनदा वाचायला लावायची. मग पुस्तक माझ्या हातातून घेऊन पुन्हा फडक्यात बांधायची.

असं कितीतरी वर्षं चाललं. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, मी भोरला राहायला गेले, सुटीत घरी यायची, आणि आल्या आल्या हातपाय धुतले की फडकं सुटायचं. सबंध पुस्तक वाचायचं आता बंद झालं होतं. फक्त शेवटचं पान. मला त्या पुस्तकाचा इतका तिटकारा आला होता की भोरहून निघायचा दिवस मी पुढे ढकलत राहायची. माझी आई म्हातारी होत होती आणि माझ्याकडून तिला त्या एका पानाशिवाय काही नको होतं. मला मिळालेली नोकरी, माझं शिक्षण, माझा संसार होतोय की नाही, कशाचीही चौकशी नाही.

एका उन्हाळ्याच्या सुटीत दुपारी ती ओसरीवर नाचणी पाखडत बसली होती आणि मी वाचत होते. "पहिल्याच हाकेला" इथं मी थांबले. वाचवेना. मी पुस्तक मिटून जमिनीवर ठेवलं आणि इतकी वर्षं दळताना जे ठरवत आले होते ते उलट्या बाजूनं माझ्याच तोंडून निघालं.

"आई, ह्यात मी नाही," मी म्हटलं. "चार दिवस मी त्याच्याबरोबर होते. त्याला पाठीवर घेऊन मी चढ चढले. आणि ह्यात मी कुठंच नाही."

मी वाट बघत राहिले. तिच्या हातातलं सूप थांबलं नाही. कोंडा उडत होता, ती तो डोळे बारीक करून बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल. बारा वर्षं झाली, आता तरी म्हणेल.

"न्हाईसच," ती म्हणाली. "हितं तू न्हाईस, म्हून तर त्यानं ओ दिली."

आवाजात राग नव्हता. रागानं बोलली असती तर मी भांडले असते. नाचणीत खडे आहेत असं सांगावं तितक्या सरळपणे ती बोलली, कारण तिच्या दृष्टीनं ते सरळच होतं, आणि ती ते पहिल्या वाचनापासून मनात धरून बसली होती. मला त्या क्षणी तिचा द्वेष वाटला. आईचा द्वेष वाटतो हे लिहायला नको, पण मी लिहिते आहे. माझ्या ओठांवर आलं होतं की ती रीत मला कुणी शिकवली. धपाटे कुणी घातले. वीस बायांना गप्प कुणी केलं. एकेक वाक्य तयार होतं, घासून पुसून ठेवलेलं, आणि यातलं एक जरी मी उच्चारलं असतं तरी ती म्हातारी त्या ओसरीवरून पुन्हा उठली नसती.

तिनं सूप खाली ठेवलं आणि कोंडा लागलेला हात लुगड्याला पुसला.

"वाच फुडं," ती म्हणाली.

मी पुस्तक उचललं, पान शोधलं आणि वाचलं. पहिल्याच हाकेला त्याने ओ दिली. मग तिनं सांगितलं म्हणून पुन्हा एकदा वाचलं.